साडेतीन मिलिमीटरची जागा आणि एक दाढ : लातूरमधलं एक प्रकरण

रुग्ण ४८ वर्षांच्या, औसा तालुक्यातल्या एका गावच्या. घरची थोडी कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर, शिवाय हंगामात दुसऱ्याच्या रानात मजुरी. डाव्या बाजूची खालची पहिली आणि दुसरी दाढ (३६ आणि ३७) किडून दहा-बारा वर्षांपूर्वी काढलेली. त्या बाजूला खाली अक्कलदाढ नाहीच. "डाव्या अंगानं भाकर चावतच नाही डॉक्टरसाहेब, सगळा भार उजव्या अंगावर. आता ते बी दुखायलंय." मागणीही सरळ होती. काढ-घाल करायची कवळी नको, पक्के दात पाहिजेत. मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे, पैसे तो देणार.

आधी एका रस्त्याकडेच्या 'दात बसवणाऱ्या'ने तिथे तारेने आणि गुलाबी अ‍ॅक्रिलिकने एक तुकडा शेजारच्या उपदाढेला बांधून दिला होता. तो काही महिन्यांत तुटला आणि जाताना उपदाढेची हिरडी खराब करून गेला. नंतर एका दवाखान्यात सांगितलं गेलं की खाली दात बसवायला जागाच नाही, वरच्या दोन्ही दाढा काढाव्या लागतील. चांगल्या दाढा काढायच्या म्हटल्यावर मावशी घाबरल्या आणि वर्षभर कुठेच गेल्या नाहीत.

जागा नाही हे त्या दवाखान्याचं म्हणणं बरोबरच होतं. मात्र ती जागा गेली कुठे, हे न बघताच उपाय सांगितला गेला होता.

तपासणी

तोंड उघडत होतं ४३ मिमी, म्हणजे व्यवस्थित. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे गुटखा-सुपारीमुळे तोंड आखडलेले रुग्ण खूप येतात आणि नवखे डॉक्टर दोन गोष्टींची गल्लत करतात. तोंड किती उघडतं यावर ड्रिल आत जाईल की नाही ते ठरतं. दात मिटल्यावर वर-खाली किती जागा उरते यावर दात बसेल की नाही ते ठरतं. एकात कमतरता असली म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही. दोन्ही एकत्र आल्या तर मात्र सगळा आराखडाच बदलतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या तोंडात ती दिसत नाही.

मावशींना गुटख्याची सवय नव्हती, मिश्रीची होती. सकाळी एकदा आणि दुपारी रानातून आल्यावर एकदा. पुढच्या दातांच्या मुळांशी खाचा पडलेल्या, हिरड्या काळपट. गालाच्या आतल्या कातडीवर पांढरा चट्टा कुठे नव्हता, हे आधी नीट पाहून घेतलं.

आता डावी बाजू. दात मिटायला सांगितल्यावर वरची पहिली दाढ (२६) खालच्या हिरडीपासून साडेतीन मिमीवर येऊन थांबत होती आणि दुसरी (२७) अडीच मिमीवर. उपदाढांच्या रेषेपासून २६ सुमारे तीन मिमी खाली उतरलेली, २७ त्याहून थोडी जास्त. दोन्ही दाढा घट्ट, कीड नाही, नस जिवंत. दाढांबरोबर त्यांची हिरडी आणि हाडही खाली आलेलं होतं. ओपीजीवर (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) सायनसचा (वरच्या जबड्यातली हवेची पोकळी) तळही त्या भागात मुळांना लागून दिसत होता.

समोरचा जोडीदार गेला की दाढ हळूहळू त्याच्या जागेकडे सरकते. सगळे दात सारखे सरकत नाहीत. तरुणपणी दाढ काढली असेल तर जास्त, आणि सहसा खालच्यापेक्षा वरची जास्त. दाढ एकटी सरकत असेल तर मुळं उघडी पडतात. हाडासकट सरकत असेल तर ती वरून तंदुरुस्त दिसते आणि रुग्णाला काही कळत नाही. इथे दुसरा प्रकार होता.

जागा कुणी खाल्ली?

माझ्या दृष्टीने अशा प्रत्येक प्रकरणात पहिला प्रश्न हाच. उत्तरं तीनच. एकतर जबडाच पूर्वीपेक्षा जास्त मिटतो आहे, म्हणजे चेहऱ्याची खालची उंची कमी झाली आहे. किंवा समोरचा दात सरकला आहे. किंवा खालचं हाड अथवा हिरडी वाढलेली, जाड झालेली आहे. ज्याने जागा खाल्ली त्याच्याकडूनच ती परत मागायची. दुसरीकडून घेतली तर निरोगी ऊती फुकट जातात.

जबड्याच्या उंचीचं मोजमाप जुन्याच पद्धतीने केलं. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर पेनाने एकेक ठिपका, हातात डिव्हायडर. मावशींना ओठ ओले करून जबडा सैल सोडायला सांगितला, अंतर घेतलं. मग दात मिटायला सांगून पुन्हा घेतलं. फरक अडीच ते तीन मिमी. विश्रांतीतली ही मोकळीक साधारण दोन ते चार मिमी असते, म्हणजे इथे काही हरवलेलं नव्हतं. उच्चारावरूनही पडताळा घेतला. 'स'चा उच्चार करताना वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात पण टेकत नाहीत. इंग्रजी पुस्तकांत त्यासाठी आकडे मोजायला लावतात. मी 'सासूसासरे' म्हणायला लावतो, कारण ते म्हणताना कुणी अवघडत नाही, उलट हसतं आणि जबडा मोकळा होतो. दातांमध्ये दीड मिमीच्या आसपास फट दिसली. उजवीकडे दाढांना दाढा नीट भिडत होत्या. चेहऱ्याची उंची त्यांनीच धरून ठेवली होती.

म्हणून पूर्ण चावा उंच करण्याचा विचार तिथेच संपला. झिजलेल्या दातांच्या रुग्णांसाठी टर्नर आणि मिसिरलियन यांनी १९८४ मध्ये तीन गट केले होते : उंची गेलेले, उंची टिकून जागा उपलब्ध असलेले, आणि उंची टिकून जागा अपुरी असलेले. ते वर्गीकरण झिजेचं आहे, एका बाजूच्या उतरलेल्या दाढांचं नाही. तरी त्यातला धडा इथेही लागू पडतो. उंची टिकून असताना एका बाजूच्या दोन दातांसाठी सगळ्या तोंडाला कॅप चढवायची वेळ आणू नये.

खालचं हाडही बघितलं. सीबीसीटीमध्ये (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या कालव्यापर्यंत पहिल्या दाढेच्या जागी १३ मिमी उंची आणि रुंदी सात मिमीच्या जवळपास. हिरडी अडीच मिमी जाड. हाडाला कुठे उंचवटा नाही. म्हणजे जागा वरच्या दाढांनीच घेतली होती, बाकी कुणी नाही.

साच्यांवरचं काम

दोन्ही जबड्यांची मापं घेऊन फेसबोने (वरचा जबडा सांध्याशी कसा बसतो ते टिपणारी चौकट) साचे आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारखं हलणारं यंत्र) चढवले. हा वेळ वाया जातो असं वाटणाऱ्यांशी माझं जमत नाही. साच्यावर उपदाढांपासून मागे चाव्याची योग्य रेषा पेन्सिलने आखली आणि २६-२७ किती वर गेल्या तर ती रेषा सरळ होते ते पाहिलं. मग प्लास्टरच्या दाढा त्या रेषेपर्यंत खरवडल्या आणि खाली मेणात पहिली दाढ उभी केली. खरवडलेलं प्लास्टर मोजलं तर २६ वर जवळजवळ तीन मिमी.

दाढेच्या उंचवट्यावर इनॅमल असतं साधारण दोन-अडीच मिमी. त्यातलं अर्धा मिमी, फार तर त्याहून किंचित जास्त, घासून गुळगुळीत केलं तर दातालाही त्रास होत नाही आणि रुग्णालाही. तीन मिमी घासणं म्हणजे डेंटिनच्याही (इनॅमलखालचा थर) आत, नसेच्या जवळ. तो आकडा साच्यावर दिसल्यावर पुढचा वाद सोपा झाला.

कोणते मार्ग होते

वरच्या दाढा काढणं : दोन निरोगी दाढा घालवून एका ठिकाणी नसलेल्या दातांचा प्रश्न दोन ठिकाणी करायचा. शिवाय तिथे सायनस खाली आलेला, म्हणजे पुढे वर इम्प्लांट (हाडात बसवायचं धातूचं कृत्रिम मूळ) हवं झालं तर हाडाची आणखी शस्त्रक्रिया. हिरडीचा आजार होऊन दाढ हलत असती तर हाच मार्ग मी सुचवला असता.

रूट कॅनॉल करून कापून कॅप बसवणं : सर्वांत जलद, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त केला जाणारा. पण इथे दाढ हाडासकट उतरलेली, म्हणजे हिरडीची कडही खालीच. वरून तीन मिमी कापल्यावर उरणारा दात इतका आखूड होतो की कॅपला धरायला काही उरत नाही. दाढेच्या कॅपसाठी तयार दाताची उंची निदान चार मिमी असावी असं धरतात. ती मिळवायला हिरडी आणि हाड वर सरकवावं लागतं. गार्जुलो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दाखवलं की हाडाच्या वर हिरडीचं दाताला चिकटून राहणारं आवरण सरासरी २.०४ मिमी असतं. म्हणून कॅपच्या कडेपासून हाडापर्यंत तीन मिमी सोडायची प्रथा आहे. तेवढं हाड काढलं तर वरच्या दाढेच्या मुळांची फूट (मुळं जिथे एकमेकांपासून वेगळी होतात ती जागा) उघडी पडण्याची भीती. मावशींच्या एक्स-रेत ती फूट हाडाच्या काठापासून फार दूर नव्हती. एक निरोगी दात आधी मारायचा, मग आखूड करायचा, मग त्याच्या मुळाशी घाण साचायला जागा करून द्यायची, हे मला पटेना.

खालचं हाड कमी करून इम्प्लांट खोल बसवणं : चौकटीचं वरचं लाकूड खाली सरकलं असताना उंबरा कोरत बसण्यासारखं. नसेच्या वर मिळालेली उंची घालवायची आणि दाढांची उतरलेली पायरी तशीच ठेवायची.

डालचं तंत्र इथे लागू नव्हतं. नॉर्वेतल्या डाल यांनी १९७५ मध्ये पुढच्या झिजलेल्या दातांवर धातूची उंच पट्टी ठेवून, ते दात थोडे आत दाबत आणि मागचे बाहेर येऊ देत जागा मिळवून दाखवली. आज तेच कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाचं भरायचं रेझिन) करतात. पण दाबायला खाली दात लागतो. इथे खाली काहीच नव्हतं.

कवळीचं म्हणाल तर कास्ट धातूची पातळ पट्टी आणि धातूचाच चावायचा पृष्ठभाग करून साडेतीन मिमीत काहीतरी बसवता येतं. रुग्णाला ते नको होतं आणि मलाही ते आवडत नाही.

इथे एक प्रामाणिक आकडेमोडही मांडतो. हिरडीची अडीच मिमी धरली तर हाडाच्या काठापासून वरच्या दाढेपर्यंत सहा मिमी होते. टायटॅनियम बेसवर (इम्प्लांटला जोडणारा धातूचा तुकडा) झिर्कोनियाचा (कठीण सिरॅमिक), स्क्रूने बसणारा दात एवढ्यात कसाबसा मावतो. सिमेंटने बसवायचा तर नाही, कारण त्याला आतली अ‍ॅबटमेंटच (इम्प्लांटवर बसणारा खुंट) चार मिमी उंच हवी आणि वरून दाताची जाडी. मग स्क्रूचाच दात का बसवला नाही? कारण तो हिरडीवरून साडेतीन मिमी उंच एक चपटं बटण झाला असता. शेजारच्या उपदाढेपेक्षा दोन-तीन मिमी बुटका, अन्न अडकणारा. आणि जबडा पुढे-बाजूला सरकताना खाली उतरलेल्या २६ च्या पायरीवर दरवेळी धडकणारा. पोर्सेलीन आणि इम्प्लांट दोघांनाही आडवा मार आवडत नाही.

राहिला मार्ग दाढा पुन्हा वर ढकलण्याचा. माझी सहकारी ऑर्थोडॉंटिस्ट (दात सरकवण्यातली तज्ज्ञ) आणि मी दोघांनी तोच धरला.

दाढा वर ढकलणं

पूर्वी यासाठी सगळ्या दातांवर ब्रेसेस लावून शेजारच्या दातांचा आधार घ्यावा लागे आणि शेजारचेच दात खाली यायचे. हाडात बसणाऱ्या मिनी-स्क्रूंनी ही अडचण संपवली. गालाच्या बाजूने दोन दाढांच्या मुळांमध्ये एक स्क्रू आणि टाळूच्या बाजूने एक. टाळूकडे मोठी रक्तवाहिनी मागून पुढे येते, म्हणून स्क्रू हिरडीच्या काठापासून फार वर नेला नाही. दोन्ही दाढांवर दोन्ही बाजूंनी बटणं चिकटवली आणि स्क्रूपासून बटणापर्यंत पॉवर चेन (रबरी साखळी) ताणली. जोर हलका, एका बाजूला शंभर ग्रॅमच्या आसपास. फक्त गालाकडून ओढलं तर दाढ वर जाण्याऐवजी गालाकडे कलते. म्हणून दोन्ही बाजूंनी ओढायला हवं.

पण त्याआधी दोन अटी. हिरड्या साफ हव्यात. दाढ वर जाताना तिच्या कडेची घाण हिरडीखाली ओढली गेली तर हाड खाऊ लागतं. आणि मिश्री बंद. मिश्रीचं प्रकरण एका बैठकीत मिटत नाही. मावशींचं म्हणणं होतं की ती घासली नाही तर पोट साफ होत नाही. हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक दंतवैद्याने ऐकलेलं आहे. सकाळची आधी सोडवली, दुपारची नंतर. सून आणि गावातल्या आशाताई दोघींनी पाठ सोडली नाही म्हणून जमलं.

दाढा महिन्याला साधारण अर्धा मिमी, कधी त्याहून कमी वर गेल्या. चेन तीन-चार आठवड्यांनी बदलायची. हळदीने ती दोन दिवसांत पिवळी व्हायची आणि मावशींना ते खराब झालं म्हणून लाज वाटायची. पिवळी चेनही तेवढीच ओढते, हे सांगावं लागलं. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस आले. हुरड्याची कुसं चेनच्या कड्यांत रुतून बसली की काढायला आमच्याकडे अर्धा तास जायचा. हुरडा बंद करायला सांगणं औशाच्या माणसाला शोभणारं नव्हतं, म्हणून खाल्ल्यावर बारीक ब्रशने चेनखाली फिरवायला शिकवलं. मधेच टाळूचा स्क्रू सैल झाला. असं होतं. तो काढून थोडा पुढे दुसरा बसवला. तोवरच्या दोन आठवड्यांत गालाकडची चेनही सैल ठेवली, नाहीतर दाढा कलल्या असत्या.

इथेच वेळ वाचवायची संधी होती. वरचं काम पूर्ण व्हायची वाट न बघता खालचं इम्प्लांट मध्येच बसवलं. खालच्या जबड्यात हाड इम्प्लांटला धरायला साधारण तीन महिने घेतं, आणि वरच्या दाढांनाही अजून तेवढेच महिने लागणार होते. आकार ४.२ गुणिले १० मिमी. कालव्यापासून दोन मिमीहून जास्त अंतर राखलं आणि माथा हाडाच्या काठाच्या किंचित खाली ठेवला.

एक की दोन?

मुलाचं म्हणणं दोन दाढा गेल्या तर दोन बसवा. पैशाचा विचार केला तर दोन म्हणजे त्याला कर्ज. मी एकच सुचवलं. दाढांच्या चावण्याचा मुख्य भार पहिली दाढ घेते. दोन्ही बाजूंच्या उपदाढा आणि पहिली दाढ शाबूत असेल तर बहुतेक माणसं भाकरी, शेंगदाणे, सगळं चावू शकतात. आखूड दंतपंक्ती पुरेशी असते ही मांडणी नेदरलँड्सच्या कायझर यांनी १९८१ मध्येच केली होती. पैसे कमी पडतात तेव्हा ती आठवते, पण ती गरिबांची तडजोड नाही.

अडचण २७ ची होती. खाली तिचा जोडीदार नाही, म्हणजे ती पुन्हा उतरणार. त्यासाठी २५ (वरची मागची उपदाढ), २६ आणि २७ यांना टाळूच्या बाजूने एक पातळ गुंफलेली तार कॉम्पोझिटने चिकटवली. तार सुटली तर दाढ पुन्हा उतरू लागेल, हे मावशींना आणि सुनेला दोघींना आरशात दाखवून सांगितलं. जिभेने रोज चाचपून बघायचं. हे काम कोणत्याही क्ष-किरणापेक्षा चांगलं होतं.

शासकीय दंत महाविद्यालयाचा पर्यायही मी सुरुवातीलाच सांगितला होता. पण ते छत्रपती संभाजीनगरला, औशाहून अडीचशे किलोमीटरच्या वर, आणि चेन दर महिन्याला बदलायची. मजुरी बुडवून एवढ्या खेपा शक्य नव्हत्या. लातूर एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर.

शेवटचे आकडे

२६ वर गेली २.४ मिमी. उरलेलं अर्धा मिमी इनॅमल घासून उंचवटे गोल केले आणि फ्लोराइड लावलं. आता हिरडीपासून २६ पर्यंत ६.४ मिमी, हाडाच्या काठापासून नऊला थोडी कमी. एक्स-रेत मुळांची टोकं किंचित बोथट झालेली दिसली, नस जिवंतच होती. स्क्रूने बसणारा एकसंध झिर्कोनियाचा दात, वर छिद्र कॉम्पोझिटने बंद. चावा तपासला आठ मायक्रॉनच्या शिमस्टॉक फॉइलने. जोरात चावल्यावर ती धरली जावी, हलकं चावल्यावर सुटावी. इम्प्लांटला नैसर्गिक दातासारखी मुळाभोवतीची गादी नसते. दाबाखाली शेजारचे दात किंचित आत जातात, इम्प्लांट जात नाही, म्हणून हा फरक ठेवायचा.

दात बसवल्यावर वरचे मिनी-स्क्रू लगेच काढले नाहीत. चेन ढिली करून काही आठवडे तशीच ठेवली, दाढा नव्या जागी स्थिर होऊ दिल्या. पुढच्या दातांच्या मिश्रीच्या खाचा ग्लास आयोनोमरने भरल्या. तो भाग विशेष नव्हता.

वर्षभराने मोजलं तेव्हा २६ जागेवर होती, कारण आता तिला खाली जोडीदार आहे. २७ तीन दशांश मिमी उतरलेली. तारेचं मागचं टोक सुटलेलं होतं, आणि ते सुटलंय हे मावशींच्या आधी सुनेच्या लक्षात आलं होतं. तार पुन्हा चिकटवली. उजवीकडचं दुखणं चावण्याचा भार वाटला गेल्यावर कमी झालं. मुलगा आता विचारतो आहे, दुसरी दाढ कधी बसवायची. २७ अशीच राहिली तर गरज नाही. ती पुढच्या तपासणीत आणखी उतरलेली दिसली तर मग ३७ च्या जागी इम्प्लांट, आणि त्याआधी २७ पुन्हा वर.